यंत्राला झोपवणारे काका

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, मल्टिमीटर असायचा. वीज मोजायचा, पिवळा, पत्त्यांच्या कॅटाएवढा. त्याच्या लाल-काळ्या तारा गळ्यात, डॉक्टर नळी अडकवतात तशा. कुठलंही यंत्र दिसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "हे किती खाते?" खाते म्हणजे वीज. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनबद्दल विचारायचे, प्राध्यापकांच्या नव्या मोबाइलबद्दल विचारायचे. एकदा कॉलेज पाहायला बाहेरगावचे पाहुणे आले होते. त्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या मनगटावर चकचकीत घड्याळ होतं. चहाचा कप पुढे करता करता काकांनी विचारलं, "साहेब, याले काही काम नसते, तवा हे किती खाते?" साहेबांना वाटलं, हा माणूस वेडा आहे. अर्ध्या कॉलेजला तसंच वाटायचं.

वाशिमच्या एका छोट्या तंत्रनिकेतनात ते प्रयोगशाळा परिचर होते. कपाटं उघडायची, सामान मोजून द्यायचं, जळालेल्या वस्तू वेगळ्या काढायच्या, एवढं त्यांचं काम. शिक्षण दहावी आणि वर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स. रोज सकाळच्या रेल्वेगाडीने आपल्या गावाहून, जऊळक्याहून यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. शिकवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, आणि "सर" म्हटलं तर ते मागे वळून पाहायचे, कोणी सर आले की काय म्हणून. म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे.

ते सोल्डरिंग करत असताना कोणी हाक मारली, तर ते डाव्या हाताचं एक बोट वर करायचे. हातातला टाका पुरा करायचे, कुठे थांबलो ते खडूने टेबलावर लिहायचे आणि मग पूर्ण वळून समोर बघायचे. तुम्ही कितीही क्षुल्लक गोष्ट सांगा, ते नजर न हलवता ऐकायचे. बोट वर असताना तुम्ही कंटाळून निघून गेलात, तरी सुटका नव्हती. एकदा मी फक्त, "डबा खाल्ला का?" एवढं विचारायला गेले होते. बोट वर झालं, तेवढ्यात तास सुरू झाला म्हणून मी पळाले. दोन दिवसांनी काकांनी मला जिन्यात गाठलं.

"परवा तू कायतरी इचारत होती. काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "परवा? हो, खाल्ला होता. शेपूची भाजी होती."

मी वाशिमच्या बाहेर मळा असलेल्या घरातली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. वडील भल्या पहाटे भाजी घेऊन बाजारात जायचे आणि मी त्यांच्याच गाडीवर, मेथीच्या जुड्यांमध्ये बसून कॉलेजला यायचे. वर्गात मुली चारच होत्या. मला गणित बरं जमायचं, पण यंत्राला हात लावायची भीती वाटायची. घरी पंपाची मोटर जळाली की वडिलांचा चेहरा कसा होतो, ते पाहिलेलं होतं.

काकांकडे मी ओढली गेले ती एका खोक्यामुळे. परदेशात गेलेल्या कोणा माजी विद्यार्थ्याने तिथल्या शाळेतून काढून टाकलेले वीस-बावीस कॅल्क्युलेटर कॉलेजला पाठवले होते. आलेख काढणारे, जाडजूड, मोठ्या स्क्रीनचे. आमच्या परीक्षेत असले कॅल्क्युलेटर चालत नव्हते, त्यामुळे खोकं तसंच कपाटात गेलं. कपाटाची किल्ली काकांकडे. त्यांनी एक उघडला, आतली चिप पाहिली आणि त्या चिपचं जाडजूड पुस्तक कुठूनतरी छापून आणलं. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वर्षभर ते पुस्तक वाचलं. गाडीत वाचायचे, प्लॅटफॉर्मवर वाचायचे. कॅल्क्युलेटरला त्याच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे नुसत्या आकड्या-अक्षरांच्या जोड्यांमध्ये, आज्ञा देता येतात हे त्यांना कळलं, आणि मग त्यांना राहवेना. मधल्या सुट्टीत जो येईल त्याला ते शिकवायला लागले.

"कॉम्प्युटर हाय ना काका आपल्याकडे," एक मुलगा म्हणाला.

"हाय ना. पन कॉम्प्युटरात आत काय चालते, ते तुले दिसते का? याच्यात दिसते. आन लाइन गेली का तो बंद. हे नाई होत बंद."

पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी एक साधा प्रोग्राम लिहिला. बटन दाबलं की स्क्रीनवर ठिपका सरकावा. जमला. आम्ही खूश. काका मात्र मल्टिमीटरच्या तारा बॅटरीला लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"बटन कोनी दाबून राह्यलं का आता?"

"नाई."

"मंग हे कायले धावून राह्यलं? जागच्या जागी धावून राह्यलं! बटन दाबलं का, बटन दाबलं का, बटन दाबलं का. सेकंदाले हजारदा इचारून राह्यलं. चार सेलचा जीव घेते हे."

त्या दिवशी त्यांनी आम्हाला 'सात-सहा' शिकवलं. त्या चिपच्या भाषेत सात-सहा म्हणजे हॉल्ट, थांब. काका त्याला हाल्टच म्हणायचे, रेल्वेच्या लहान स्टेशनाला म्हणतात तसं. सात-सहा दिलं की चिप पुढचं काहीच करत नाही, झोपते. झोपली की जवळजवळ काहीच खात नाही. पण तिला उठवायला बाहेरून इशारा यावा लागतो. कोणी बटन दाबलं किंवा आतल्या घड्याळाचा ठोका पडला, की ती जागी होते, आधी त्या इशाऱ्याचं काम करते आणि मग जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते. इशारे ऐकायचे की नाहीत, यासाठी दोन वेगळ्या आज्ञा होत्या. एफ-बी म्हणजे कान उघड. एफ-तीन म्हणजे कान बंद कर.

हे समजावायला त्यांनी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला स्टुलावर बसवलं.

"तू चिप हायस. एफ-तीन!"

पोराने कानात बोटं घातली.

"सात-सहा!"

पोराने डोळे मिटले.

"आता मारा हाका याले."

आम्ही हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, एकीने टेबल बडवलं. पोरगा गप्प. काका आमच्याकडे वळले. "कान बी बंद, डोये बी बंद. आता हा कसा उठन?"

काकांनी स्टूल मागून खसकन ओढलं. पोरगा धाडकन खाली बसला आणि ओरडला.

"असा. बॅटरी काढाची. दुसरा इलाज नाई. आन बॅटरी काढली का लिवलेलं सारं गेलं."

वर्षभरात आमच्यातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी कान बंद करून यंत्राला झोपवलं आणि दुपारभराची मेहनत घालवली. काका रागवायचे नाहीत. त्यांनी एक रजिस्टर ठेवलं होतं. प्रत्येक प्रोग्राम त्यात पूर्ण उतरवायचा, खाली दोन सह्या. एक लिहिणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. तपासणारे बहुतेक वेळा काकाच. एक-एक जोडी ते पेन्सिलीचं टोक ठेवून वाचायचे आणि मगच सही करायचे.

दुसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी त्यांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, "एक काम करशीन का? घरचं हाय."

त्यांच्या घरी काय आहे, हे तोवर आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं, आवाज खाटेपलीकडे जेमतेम पोचायचा. मूल नव्हतं. दिवसभर काका वाशिमला, काकू जऊळक्याला एकट्या. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या वहिनी मायाळू होत्या, येऊन-जाऊन बघायच्या, पण हाक मारली तर ऐकू जाणार कशी? बाजारातली विजेची घंटा लावली होती, तर लाइन गेली की ती मुकी. आणि लाइन दिवसातून किती वेळा जायची, याला हिशेब नव्हता.

काकांच्या डोक्यात कॅल्क्युलेटर होता. प्राचार्यांची परवानगी काढून त्यांनी एक घरी नेला. त्याच्या 'ऑन' बटनाच्या मागून दोन तारा काढून भिंतीतून काकूंच्या उशापाशी नेल्या आणि तिथे एक मोठं बटन बसवलं. कॅल्क्युलेटर आणि बॅटरीवरची घंटा वहिनींच्या स्वयंपाकघरात. काकूंनी बटन दाबलं की कॅल्क्युलेटरने जागं व्हायचं, घंटा वाजवायची आणि पुन्हा झोपायचं. असा झोपून राहिला तर चार सेल कित्येक महिने पुरणार होते. सेल उतरले तर कळावं म्हणून काकांनी घरातलं टोल्यांचं घड्याळ त्याला जोडलं. दर तासाला पहिल्या टोल्याबरोबर यंत्राने एकदा जागं व्हायचं, सेल तपासायचे आणि परत झोपायचं.

"लिवशीन?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच का नाही लिहीत?"

"मी तपासतो. आपलं आपन तपासलं तं काहीच सापडत नाई."

मी महिनाभर तो प्रोग्राम लिहिला. बटन दाबलं की आत एक खूण करून ठेवायची, आणि ती खूण दिसली की घंटा वाजवायची. मळ्यात, गाडीवर, जेवताना. आणि माझ्या मनाने त्यात एक गोष्ट घातली. काकूंनी दिवसातून किती वेळा हाक मारली, तो आकडा स्क्रीनवर दिसावा, तोही मोठा, वहिनींना चष्म्याशिवाय वाचता येईल असा. काकांना ते फार आवडलं. पेन्सिल ठेवून त्यांनी सगळं वाचलं, सही केली, आणि एका रविवारी आम्ही जऊळक्याला जाऊन ते बसवलं. शंभर वेळा बटन दाबून पाहिलं, शंभर वेळा घंटा वाजली. काकू खाटेवरून बघत होत्या. उजव्या हाताने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चार महिने ते यंत्र नीट चाललं. मग एक दिवस काका आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांनी याआधी कधी रजा घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते आले आणि रजिस्टरमधलं माझं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"चार वाजता बटन दाबलं. घंटा नाई वाजली. पाच वाजता कोनी दाबलं नाई, आन वाजली. काहून?"

"तार सैल असेल."

"तार पाह्यली. घंटा पाह्यली. सेल नवे हायेत. याच्यात हाय काहीतरी. शोध."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी शोधायला लागले. ती सुट्टी संपली, दुसऱ्या दिवशीचीही संपली. काका शेजारी बसून होते. शेवटी मी उठून स्टुलावर बसले आणि स्वतःच चिप झाले. चारचा पहिला टोला पडला, मी जागी झाले. सेल तपासले. कोणी हाक मारल्याची खूण आहे का पाहिलं. नाही. मग स्क्रीनवर मोठे आकडे काढायला घेतले. ठिपका ठिपका करून, सावकाश. मग सात-सहा, झोप.

आणि मला दिसलं. मी खूण पाहून झाल्यावर, आकडे काढत असताना जर काकूंनी बटन दाबलं, तर? कान उघडे होते, त्यामुळे इशारा पोचला, खूण केली गेली. पण खूण पाहायची वेळ टळून गेली होती. आकडे काढून झाले आणि मी तशीच झोपले. पाच वाजता घड्याळाने उठवलं, तेव्हा मला ती खूण दिसली आणि मी घंटा वाजवली. एक तास उशिरा.

मी स्टुलावरून उडीच मारली. "सापडलं! काका, सापडलं! झोपायच्या आधी आकडे काढले ना, तिथे आहे!"

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. "बरोबर. मले बी तेच वाटत होतं." मग मल्टिमीटर खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुयी काकू पडली त्या दिवशी."

काकूंची चारची गोळी असायची. रोज त्या चारही टोले मोजून बटन दाबायच्या. त्या दिवशी घशाला कोरड पडली होती, डोळे घड्याळावरच होते. पहिल्या टोल्यालाच त्यांनी बटन दाबलं. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा दाबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वहिनी कामात असतील, कशाला त्रास, म्हणून वाट पाहिली आणि मग स्वतःच उठायला गेल्या. उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. त्यांचा तेवढा एकच हात चालत होता. पाचला घंटा वाजली, तेव्हा वहिनी धावत गेल्या.

मी विचारलं, "तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगतलं असतं तं तुले चूक दिसली असती का? तुले रडू दिसलं असतं." मग म्हणाले, "आन चूक सापडनं जरुरी होतं."

मी म्हणाले, मी पुन्हा या यंत्राला हात लावणार नाही. काकांनी रजिस्टर ओढलं आणि माझ्या प्रोग्रामच्या खाली, त्यांच्या सहीपुढे लिहिलं: 'तपासताना चूक माझ्या लक्षात आली नाही.' माझ्या सहीपुढे काहीच लिहिलं नाही. मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आता नीट लिव. आकडे आधी काढ. मंग कान बंद कर. मंग खून पाह्य. खून नसन, तं एफ-बी आन सात-सहा. दोघाईच्या मधात काही घालजो नको."

"पण काका, कान उघडले आणि झोपायच्या आधीच इशारा आला तर? पुन्हा तेच होईल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. त्यांनी ते जाड पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीने खूण केलेली एक ओळ दाखवली. ती ओळ सांगत होती की एफ-बी दिल्याबरोबर चिप कान उघडत नाही. त्यापुढची एक आज्ञा ती आधी सुरू होऊ देते आणि मगच कान उघडते. म्हणजे सात-सहा लगेच पुढे असेल, तर मधली फट उरतच नाही.

"ज्यानं हे चिप बनवली, त्याच्या ध्यानात हे आलं होतं पाह्य," काका म्हणाले. "त्याचीबी कवातरी अशीच चूक झाली असन."

मी तिथेच बसून लिहिलं. काकांनी तपासलं, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्याकडूनही दुसऱ्यांदा तपासून घेतलं.

रविवारी मी जऊळक्याला गेले. वडिलांना खरं सांगितलं, तर त्यांनी पिशवीत मेथीच्या चार जुड्या टाकल्या आणि मला गाडीत बसवून दिलं. काकूंच्या खाटेपाशी जाऊन बसले. त्यांचा हात प्लास्टरमध्ये छातीवर होता. त्याच आधी बोलल्या, सावकाश, एकेक शब्द ओढत.

"मीच... दोनदा दाबाले... पायजे होतं."

"नाही काकू, एकदा दाबलं की वाजायलाच पाहिजे होतं."

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका तोंड फिरवून खिडकीत उभे होते. मग काकू मला म्हणाल्या, "लाव... वापस. नाई लावली... तं हे नोकरी... सोडतीन."

तेव्हा मला कळलं की काकांनी राजीनामा लिहून ठेवला होता. तीन दिवस तो कागद त्यांच्या पिशवीत होता. मी विचारलं, "पण काकू, आता दाबणार कशाने?"

काकूंनी चादरीखालून उजवा पाय बाहेर काढला आणि टाच हलवून दाखवली. वहिनी हसल्या, मग काका हसले आणि मग मी रडले. आम्ही बटन पायथ्याशी बसवलं. नवा प्रोग्राम भरला. घड्याळाचे काटे फिरवून फिरवून त्याला टोले मारायला लावले आणि प्रत्येक टोल्याच्या नेमक्या वेळी काकूंनी टाच दाबली. दुपारभर तेच चाललं. शेजारपाजारचे लोक दारात येऊन बघत होते की या घरात आज वाजले किती. एकदाही हाक चुकली नाही. संध्याकाळी काकांनी आमच्या सगळ्यांसमोर राजीनाम्याचा कागद काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सेल बदलल्याची तारीख लिहिली आणि तो घड्याळाखाली चिकटवला.

काकूंचं मनगट दोन महिन्यांनी सुटलं. थोडं वाकडं राहिलं, पण पेला धरता येऊ लागला. घंटा पुढे कित्येक वर्षं तशीच वाजत राहिली. काका निवृत्त होऊन घरी बसले, तेव्हाच ती काढली.

मी आता पुण्यात एका कंपनीत पाण्याच्या मीटरमधले प्रोग्राम लिहिते. ही मीटरं जमिनीत पुरलेली असतात. एका सेलवर वर्षानुवर्षं चालायची, म्हणजे जवळजवळ सगळा काळ झोपून काढायचा आणि पाणी हललं की तेवढ्यापुरतं उठायचं. माझ्याबरोबरचे लोक मोठमोठ्या कॉलेजांतून आलेले आहेत. ते मला विचारतात, हे सगळं कुठे शिकलीस? मी सांगते, वाशिमला, मधल्या सुट्टीत. त्यांना ती थट्टा वाटते.

गेल्या वर्षी माझ्या हाताखालच्या एका मुलीच्या चुकीमुळे मीटरं बंद पडली आणि वरच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, कोणाचं काम हे? ती पांढरी पडली. मी म्हणाले, तपासलं मी होतं. एवढं म्हणायला मला काही धैर्य लागलं नाही. असं म्हणतात हे मी सतराव्या वर्षी पाहिलं होतं, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. त्या मुलीने नंतर माझे आभार मानले, तेव्हा मात्र वाटलं की हे आभार चुकीच्या पत्त्यावर आले आहेत.

म्हणून दिवाळीत जऊळक्याला गेले. काका थकले आहेत, पण स्वस्थ बसवत नाही त्यांना. काकू खाटेवर उशीला टेकून, मोकळ्या हवेत. मी आभाराचं बोलायला तोंड उघडलं, तर काकांनी बोट वर केलं. मग आत जाऊन एक कागदांचा गठ्ठा आणला. आमच्या कंपनीत वापरतात तसल्याच एका नव्या चिपचं पुस्तक होतं. कोणाकडून तरी छापून घेतलेलं.

"याच्यात सहा परकारच्या झोपा हायेत म्हन्ते! सहा!" त्यांचे डोळे लकाकत होते. "एकीत कान उघडे, पन आठवन जाते. एकीत आठवन राह्यते, पन उठाले टाइम लागते. मी दोन महिन्यांपासून वाचून राह्यलो, मले चौथीच्या पुढं काही जात नाई. तू तं हेच करतं ना? सांग मले."

ते खाली सतरंजीवर बसले, मांडीवर वही घेतली. मी खुर्ची सोडून त्यांच्यासमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शिकवत होते. घाबरून भराभर बोलत सुटले. पाचव्या झोपेशी पोचले, तेव्हा खाटेवरून काकूंचा आवाज आला, "हळू सांग... त्याईले."

मी थांबले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, वहीत लिहिलेलं एकदा वाचलं आणि मान वर करून म्हणाले, "नाई समजलं. पुन्हा सांग, पोरी."

मी पान मागे उलटलं आणि पहिल्या झोपेपासून सुरुवात केली.